निगेटिव्ह कॅरियर घासून प्रिंटला खडबडीत काळी चौकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात घरच्या मोरीत किंवा माळ्यावरच्या खोलीत डार्करूम मांडून प्रिंट काढणारे अजून काही जण आहेत. बरेचसे नवे आहेत. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, कुणाला बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेला असतो, तर कुणाच्या घरातल्या मोठ्यांचा असतो. त्यात निगेटिव्ह पकडून ठेवणाऱ्या, मध्ये खिडकी असलेल्या दोन प्लेटा म्हणजे निगेटिव्ह कॅरियर. ही खिडकी घासून मोठी केली की प्रिंटभोवती काळी चौकट येते. या मंडळींकडून काळ्या चौकटीबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. आकडे ३५ मिमी फिल्मचे आहेत. १२० फिल्मचं, म्हणजे त्याहून रुंद रोलचं, जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

काळी चौकट येते कुठून?

कॅमेऱ्यात फिल्मच्या जेवढ्या भागावर उजेड पडतो तेवढंच चित्र. त्याच्या भोवतीची, म्हणजे दोन फ्रेमच्या मधली आणि फिल्मच्या दोन्ही कडांच्या छिद्रांलगतची पट्टी कोरी राहते. निगेटिव्ह धुतल्यावर ही पट्टी जवळजवळ पारदर्शक असते. एन्लार्जरमध्ये तिच्यातून सगळ्यात जास्त उजेड खाली येतो आणि कागदावर ती ठार काळी उमटते. ही चौकट कुणी नंतर आखलेली नसते, ती निगेटिव्हचीच कोरी कड असते.

एरवी ती दिसत नाही, कारण कॅरियरची खिडकी फ्रेमपेक्षा किंचित लहान असते. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमीची. बहुतेक कॅरियरची खिडकी चारी बाजूंनी त्याच्या थोडी आत येते. बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो: कोरी कड झाकली की नको असलेला उजेड खाली येत नाही. पण त्याबरोबर चित्राचीही कड कापली जाते. खिडकी घासून मोठी केली की अख्खी फ्रेम दिसते आणि तिच्या भोवती काळी रेघ येते. या रेघेची आतली कड कॅमेऱ्याने ठरवलेली असते आणि बाहेरची कड तुमच्या कानशीने. बाहेरची कड म्हणजे घासलेल्या धातूची सावली. धातू जसा घासाल तशी ती पडते.

पण हे करायचं कशासाठी? नुसती फॅशन आहे का?

फॅशन म्हणून करणारे आहेत, पण मला त्यात दोन खरी कारणं दिसतात.

पहिलं कारण: अख्खी फ्रेम दाखवली आहे, काही कापलेलं नाही, हे चौकट सांगते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह होता की चित्र कॅमेऱ्यातच पूर्ण व्हायला हवं, आणि त्यांच्या प्रिंटना बारीक काळी रेघ असे. गंमत म्हणजे पॅरिसमधलं, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं १९३२ सालचं त्यांचं अतिप्रसिद्ध छायाचित्र मात्र कापलेलं आहे. अमेरिकी छायाचित्रकार डीअ‍ॅन आर्बस यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चौकोनी निगेटिव्हचे प्रिंट अख्ख्या फ्रेमचे काढले. त्यांच्या भोवतीची काळी कड वेडीवाकडी, कुठे जाड तर कुठे बारीक आहे, आणि तीच पुढे अनेकांनी उचलली. त्यांच्याच देशाचे रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या मोठ्या व्यक्तिचित्रांना ८ × १० इंची निगेटिव्हची काळी कड तशीच राखलेली दिसते.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे, आणि सोलापूरकरांना ते चटकन पटतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचे फोटो तुम्ही काढले असतील. पांढऱ्या बाराबंदीतली शेकडो माणसं आणि वर जानेवारीचं फिकट आभाळ. असा प्रिंट पांढऱ्या कागदावर काढला की कडेचा माणूस कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला ते कळत नाही. बाराबंदीची बाही कागदात विरघळून जाते. तिथे दोन-तीन मिलिमीटरची काळी रेघ आली की बाराबंदीचा पांढरा आणि कागदाचा पांढरा वेगळे होतात. शिवाय त्या काळ्याच्या शेजारी पांढऱ्यातल्या सुरकुत्याही नीट वाचता येतात. नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच काठीच्या, उभ्या फोटोत तर शेंडा वरच्या कडेला टेकलेला असतो. न घासलेला कॅरियर नेमका तोच शेंडा खातो.

ज्या चित्राच्या कडा मुळातच गडद आहेत, उदाहरणार्थ रात्रीचं शोभेचं दारूकाम, त्याला चौकट लावून काही मिळत नाही. काळ्यात काळं मिसळतं. प्रत्येक प्रिंटला चौकट हवीच असा माझा आग्रह मुळीच नाही.

किती घासायचं?

सगळ्यात जास्त घात या प्रश्नाच्या घाईत होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

३५ मिमी फिल्मवर छिद्रांच्या दोन रांगांमध्ये साधारण २५.४ मिमी जागा असते. त्यातले २४ मिमी चित्राने घेतले. उरले १.४ मिमी, म्हणजे वर ०.७ आणि खाली ०.७. लांब बाजूंना फ्रेमच्या बाहेर एवढीच मुभा आहे. त्यापलीकडे गेलात की छिद्रं दिसू लागतात. आडव्या दिशेने दोन फ्रेममध्ये साधारण २ मिमी अंतर असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला फार तर १ मिमी. पुढे शेजारची फ्रेम डोकावते.

आता हे कागदावर किती होतं ते बघा. ८ × १० इंची कागदावर अख्खी फ्रेम ६ × ९ इंचांची काढली तर चित्र सुमारे ६.३ पट मोठं होतं. फ्रेमबाहेर ०.५ मिमी घासलं तर प्रिंटवर ३ मिमीची काळी रेघ येते. मला एवढी पुरेशी वाटते. खिडकीचं माप मग साधारण २५ × ३७ मिमी होतं. याच हिशोबाने कानशीचा ०.१ मिमीचा एक ओरखडा प्रिंटवर अर्ध्या मिलिमीटरहून मोठा दिसतो. म्हणूनच ‘खडबडीत’ करायला जोर लावावा लागत नाही.

१२० फिल्मवर जागा बरी असते. ६ × ६ सेंमीची म्हणतात ती फ्रेम प्रत्यक्षात ५६ × ५६ मिमीच्या आसपास असते आणि फिल्मची रुंदी एकसष्ट मिलिमीटरच्या वर. दोन्ही कडांना अडीच मिलिमीटरच्या आसपास कोरी जागा मिळते. त्यात १ मिमी, फार तर दीड घासा. उरलेल्या कडेवर फिल्म टेकायची आहे हे विसरू नका.

आणि कानस उचलण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह मोजा. प्रत्येक कॅमेऱ्याची फ्रेम काटेकोर २४ × ३६ नसते. काहींची थोडी मोठी असते, तर काही जुन्या कॅमेऱ्यांत दोन फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं. घासायचं ते तुमच्या फिल्मच्या मापाने, पुस्तकातल्या मापाने नाही.

आधी कॅरियर कशाचा आहे ते कसं ओळखायचं?

लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. ते घासायला वेळ लागतो, पण कड फार छान येते. चिकटला नाही आणि हलका लागला तर अ‍ॅल्युमिनियम किंवा तसल्याच मिश्रधातूचं ओतकाम. हा मऊ असतो आणि पटकन घासला जातो, म्हणून हात आवरावा लागतो. प्लॅस्टिकचा कॅरियर घासू नका. त्याला तंतू सुटतात आणि दिव्याच्या उष्णतेने कड वळू शकते.

काचेचा कॅरियर असेल तर प्रश्नच नाही, काच घासायची नसते. काही एन्लार्जरच्या कॅरियरमध्ये, ड्यूर्स्टच्या काही मॉडेलांत विशेषतः, चार सरकत्या पट्ट्या असतात. त्या बाहेर सरकवल्या की काळी रेघ मिळते, फक्त ती सरळ येते.

आहे तोच कॅरियर घासू की दुसरा घेऊ?

दुसरा घ्या. घासलेला धातू परत येत नाही, आणि कोरी कड झाकणारा कॅरियरही अनेक प्रिंटना लागतोच. जुना मिळत नसेल तर बनवून घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारी आणि दुरुस्त करणारी वर्कशॉप आहेत. तिथल्या फिटरचा कानशीवरचा हात आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतो. मूळ कॅरियर सोबत न्या आणि त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन प्लेटा करून मागा. खिडकी मुद्दाम लहान, २२ × ३४ मिमीची कापायला सांगा. शेवटचं घासकाम मात्र स्वतः करा. कारागीर सवयीने कड सरळ आणि साफ करून देईल, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

दुसऱ्याचा, क्लबचा किंवा कॉलेजचा कॅरियर विचारल्याशिवाय घासू नये. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

कोणत्या कानशी लागतात?

सुई कानशींचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यातल्या चपटी, अर्धगोल आणि त्रिकोणी या तीनच लागतात. पोलाद असेल तर सुरुवातीला एक मोठी चपटी कानस घ्या. सोबत पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर ६०० आणि १००० नंबरचा, दातांचा जुना ब्रश, खडू आणि कापूस.

खडू कशाला, असं सगळे विचारतात. अ‍ॅल्युमिनियमचा कीस कानशीच्या दातांत रुतून बसतो आणि मग कानस कापायचं सोडून ओरबाडते. आधीच दातांत खडू घासून ठेवला की कीस चिकटत नाही. तरी रुतलाच तर तारेच्या ब्रशने झटका.

प्रत्यक्ष घासायचं कसं?

कॅरियरच्या दोन प्लेटा असतात. माझी पद्धत अशी: वरच्या प्लेटची खिडकी थोडी जास्त मोठी आणि साधी ठेवायची, आणि चौकटीचा आकार खालच्या प्लेटने ठरवायचा. दोन्ही सारख्या करायला गेलं तर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. प्रिंटवर दोन्हींच्या सावल्या मिसळतात आणि कड कशामुळे बिघडली ते सापडत नाही.

प्लेट शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरताना दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा लाकडाची चिप लावा, नाहीतर जबड्याचे दात प्लेटवर उमटतील. फिल्म सरकू नये म्हणून असलेल्या खुंट्या आणि खाचा जपा. त्यांच्यावर कानस गेली की फिल्म तिरकी बसते आणि मग चौकट सरळ येत नाही.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलून घ्या. प्रत्येक बाजूला पाच-सहा हात मारा आणि थांबा. प्लेट पुसा, एन्लार्जरमध्ये घाला, निगेटिव्ह लावा आणि ईझलवर, म्हणजे खाली कागद धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या चौकटीवर, बघा. पुन्हा पाच-सहा हात. कंटाळवाणं वाटेल, पण निर्णय ईझलवरच घ्यायचा असतो. शेगड्यात धरलेली प्लेट बघून चौकट कशी दिसेल ते कळत नाही.

आधी चारी बाजू चपट्या कानशीने सरळ घासून हव्या त्या मापाच्या जवळ आणा. शेवटच्या दोन दशांश मिलिमीटरमध्ये खडबडीतपणा आणायचा: अर्धगोल कानस थोडी तिरकी धरून कुठे एक हात, कुठे दोन, आणि त्रिकोणी कानशीचं टोक एखाद्याच जागी. ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या तर करवतीच्या दातांसारखं दिसतं आणि नजर चित्र सोडून तिकडेच जाते. कोपऱ्यांवर विशेष लक्ष द्या. एक कोपरा जरा गोल आणि एक किंचित तुटका असला की चौकट जिवंत वाटते. चारी सारखे गोल केले तर ती छापील वाटते.

एक गोष्ट घासण्याआधी डोक्यात पक्की करा. लेन्समुळे सगळं उलटं पडतं. कॅरियरच्या समोरच्या डाव्या कोपऱ्यातली खाच ईझलवर मागच्या उजव्या कोपऱ्यात दिसते. जिथे खाच हवी आहे तिथे ईझलवर बोट ठेवा, मग पेन्सिलीचं टोक खिडकीच्या कडेने फिरवत त्याची सावली बोटाशी येईपर्यंत शोधा. ती जागा मार्करने खुणावून मगच प्लेट काढा.

कड तिरकी घासायची की सरळ?

फिल्मला लागून धार राहील आणि फिल्मपासून लांब जाताना खिडकी रुंद होत जाईल, अशी तिरकी. कारण कॅरियरची प्लेट जाड असते. उभी सरळ कड ठेवली तर तिच्या भिंतीवरून उजेड परावर्तित होतो आणि काळ्या रेघेबाहेर धुरकट, राखाडी झालर येते. काहींना ती झालर आवडते, आणि मऊ कडांची चौकट हाही एक जुना, मान्य प्रकार आहे. मला स्वच्छ धार आवडते. धार हवी तर तिरकी घासा आणि लेन्स एफ ८ च्या आसपास ठेवा. फोकस मात्र नेहमी चित्रातल्या फिल्मच्या दाण्यावर (ग्रेनवर) करायचा, चौकटीच्या कडेवर नाही.

घासून झालं. लगेच निगेटिव्ह लावू का?

नाही. प्रिंटला खडबडीत कड हवी असते, फिल्मला मात्र अजिबात नको. खडबडीतपणा फक्त खिडकीच्या धारेवर. फिल्म जिथे टेकते तो सपाट भाग पूर्ण गुळगुळीत लागतो. प्लेट सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर पाण्याने फिरवा, आधी ६००, मग १०००.

आता कापसाचा बोळा घ्या आणि खिडकीच्या कडेने फिल्मच्या बाजूने हळू फिरवा. जिथे बारीक काटा उभा असेल तिथे कापसाचा तंतू अडकून लोंबेल. ती जागा खुणावा, पेपरने मारा, पुन्हा कापूस फिरवा. एकही तंतू अडकत नाही तोवर हेच चालू ठेवायचं. बोटाला न लागणारा काटा कापसाला लागतो, आणि कापसाला लागणारा काटा निगेटिव्हवर रेघ ओढतो. फिल्मच्या पाठीवरचा ओरखडा प्रिंटवर पांढरी रेघ देतो. इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून गेलं तर काळी रेघ येते, आणि ती प्रिंटवरून खरवडून काढणं फार जिकिरीचं काम आहे.

मग भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने दोन्ही प्लेटा धुवा. बिजागरी आणि खुंट्यांच्या मुळाशी कीस दडून बसतो. कोरडं करून पहिल्यांदा टाकाऊ फिल्मची पट्टी आत-बाहेर सरकवून बघा. तिच्यावर रेघ दिसली नाही, तरच खरी निगेटिव्ह.

घासलेली कड काळी रंगवायची का?

हो, हे टाळू नका. उघडा पडलेला चकचकीत धातू उजेड इकडेतिकडे फेकतो, आणि तो उजेड चित्राच्या फिकट भागांवर पडून प्रिंट मळकट करतो. फळ्याला लावतात तो मॅट काळा रंग बारीक ब्रशने फक्त तिरक्या भिंतीवर लावा. फिल्म टेकते तिथे रंग नको. सुटलेली रंगाची खपली वाळूच्या कणासारखीच ओरखडे काढते. तात्पुरता काळा परमनंट मार्कर चालतो, पण तो वरचेवर लावावा लागतो.

चौकट मोठी केल्यापासून प्रिंट मळकट येतात. काय झालं?

चौकटीतून येणारा भरपूर उजेड कागदावरून वर जातो, भिंतीवरून परततो आणि पुन्हा कागदावर पडतो. एन्लार्जरच्या मागची भिंत पांढरी असेल तर तिथे काळा कागद किंवा काळं कापड लावा. लेन्सवरची धूळ आणि बुरशीही बघा. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि लहान खिडकीत खपून जाणारी ती बुरशी मोठ्या खिडकीत लगेच त्रास देते. एवढं करूनही फरक राहिला तर मल्टिग्रेडचा फिल्टर (काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करणारा) अर्धा ग्रेड वर न्या.

माझी चौकट काळी येतच नाही, राखाडी येते.

हे प्रिंटबद्दल काहीतरी सांगतंय, ते ऐका. कोऱ्या फिल्ममधूनही कागद पूर्ण काळा होत नसेल तर एक्स्पोजर (कागदाला दिलेला उजेड) कमी आहे, किंवा प्रिंट डेव्हलपरमधून लवकर बाहेर काढला जातोय. कोऱ्या कडेला जेमतेम पूर्ण काळं करणारी वेळ काढा आणि त्या वेळेला चित्र कसं येतं ते बघा. चित्र फार गडद झालं तर निगेटिव्हलाच कॅमेऱ्यात उजेड कमी मिळाला आहे. या अर्थाने चौकट हा प्रत्येक प्रिंटसोबत आपोआप मिळणारा मोजमापाचा पट्टा आहे. काळ्या चौकटीची मला स्वतःला सगळ्यात जास्त किंमत वाटते ती यासाठी. सजावट नंतर.

दोन अपवाद आहेत. फार जुन्या फिल्मला, उदाहरणार्थ घरात राहिलेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलला किंवा पूर्व जर्मनीच्या ऑर्वोला, वयामुळे सगळीकडे झाक चढलेली असते. कोरी कडही मग पारदर्शक राहत नाही. आणि रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर उजेड अडवतो, त्यामुळे साध्या काळ्या-पांढऱ्या कागदावर वेळ बराच वाढतो.

कडेचा भाग हाताने झाकून फिका केलात तर तिथली चौकटही फिकी पडते. हात फ्रेमच्या आत ठेवा. उलट, कड जास्त जाळायला, म्हणजे तिला जास्त उजेड द्यायला, हरकत नाही. काळं आधीच काळं आहे.

ईझल कसा लावायचा?

पट्ट्या चौकटीच्या बाहेर, चारी बाजूंना थोडा पांढरा कागद सुटेल इतक्या उघडा. पट्टी चौकटीवर आली की तिथली खडबडीत कड जाते आणि सरळ रेघ येते. कुणाला बाहेरून सरळ अशी बारीक रेघच हवी असेल तर हे मुद्दाम करता येतं: कॅरियर थोडा मोकळा घासायचा आणि ईझलच्या पट्टीने रेघेची जाडी ठरवायची. ठरावीक मापांच्या खाचांचा स्वस्त ईझल असेल तर सोडून द्या. जाड काळा पुठ्ठा खाली ठेवा, त्यावर कागदाचे कोपरे बसतील असे चार तुकडे चिकटवा आणि काम चालवा.

एन्लार्जरचं डोकं तिरकं असेल तर चौकट एका बाजूला रुंद दिसेल. लोक तेव्हा पुन्हा कानस उचलतात. आधी डोकं पातळीत आहे का ते बघा.

जास्त घासलं गेलं, आता छिद्रं दिसतात. उपाय?

काळ्या कार्डशीटची पातळ चौकट कापून प्लेटच्या बाहेरच्या बाजूने चिकटवा, फिल्मच्या बाजूने नको. इलेक्ट्रिकची काळी टेप वापरू नका, उष्णतेने तिचा डिंक ओघळतो. छिद्रं मुद्दाम दाखवणारेही असतात. पण मग फिल्मला टेकायला जागा उरत नाही आणि दिवा तापला की ती मध्येच फुगते. त्यासाठी काचेचा कॅरियरच हवा.

घासायचंच नसेल तर?

काळ्या जाड कार्डशीटचा कॅरियर हाताने कापता येतो. ब्लेडऐवजी कागद ओला करून फाडला तर कड तंतुमय येते. थोडेच प्रिंट टिकतो, पण चौकट आपल्याला आवडते का ते बघायला उत्तम. मी तर सगळ्यांना आधी हेच करायला सांगतो.

संगणकावर तयार चौकट चिकटवण्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: नको. तीच खाच, तोच तुटका कोपरा दहा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवर दिसतो. चौकट सांगते की ‘एवढंच दिसत होतं, यातलं काही कापलं नाही’, आणि चिकटवलेल्या चौकटीत हे वाक्य खोटं ठरतं. कापलेल्या चित्राला काढलेली चौकटही तशीच. कापायचं असेल तर खुशाल कापा, पण मग न घासलेला कॅरियर वापरा.

हॅसलब्लॅडच्या फोटोंना कडेला दोन खाचा दिसतात, त्याही कानशीने काढतात का?

नाही. त्या कॅमेऱ्याच्या फिल्म मॅगझिनमध्येच आहेत, फ्रेमच्या एका कडेला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या दोन छोट्या खाचा. न घासलेल्या कॅरियरमध्ये त्या झाकल्या जातात. त्या दिसायला हव्या असतील तर त्या बाजूला खडबडीतपणा कमी ठेवा, नाहीतर गर्दी होते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि पाण्याच्या ओढाताणीत हे जमतं का?

घासकाम बारा महिने जमतं. प्रिंटसाठी एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणीच तापलेलं असतं, आणि डेव्हलपरला २० अंश लागतात. ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या ठेवा, किंवा रात्री उशिरा काम करा. डेव्हलपर गरम झाला की प्रिंट घाईत बाहेर काढला जातो, आणि आधी राखाडी पडते ती चौकटच.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात फार वेळ धुवावा लागणारा फायबर कागद धूत बसणं परवडत नाही. आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला, कागद वापरा. वाहत्या पाण्याऐवजी ट्रेमधलं पाणी काही वेळा पूर्ण बदलून, दर वेळी ट्रे हलवत धुतला तरी तो नीट धुतला जातो.

विजेचा दाब वर-खाली होत असेल तर एन्लार्जरला स्टॅबिलायझर लावा. नाहीतर एकाच वेळेचे दोन प्रिंट वेगळे येतात आणि दोष कॅरियरला दिला जातो.

फ्रेम करायला दिलं की दुकानदार चौकटच झाकून टाकतो.

कारण माउंटची (प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याची) खिडकी चित्राच्या मापाने कापायची त्यांना सवय असते. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने माप लिहून द्या: काळ्या चौकटीच्या बाहेर चारी बाजूंना निदान ५ मिमी पांढरा कागद दिसला पाहिजे, खाली थोडा जास्त चालेल. सही करायची असेल तर त्याच पांढऱ्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. आरसी कागदावर पेन्सिल नीट उठत नाही, तिथे प्रिंटच्या मागे लिहा.